पाणी न मागणारे पाहुणे



या परिषदेचे अध्यक्षपद मला देऊन आपण माझ्यावर जो लोभ व्यक्त केला, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. या स्थानावर माझ्यापूर्वी बसलेल्यांची योग्यता माझ्या ठायी नाही, असे म्हणण्याचा शिरस्ता आहे. मी तो पाळतो, आणि माझ्या बाबतीत तो सत्याला धरूनही आहे. कार्यवाहांनी मला धाडलेल्या पत्रात, अध्यक्षांनी इंटरनेटवरील जाहिरातव्यवसायाचे साद्यंत सिंहावलोकन करावे, अशी सूचना होती. त्याबरहुकूम मी टिपणे काढली. ती या पिशवीत आहेत, आणि मला भय वाटते की ती पिशवीतच राहतील.

तथापि आरंभ तरी रीतसर करू. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’च्या पानांवर पहिल्या बॅनर-जाहिराती झळकल्या, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट जनसामान्यांस खुले केले, १९९८ साली गूगलची स्थापना झाली आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्या कंपनीने शोधशब्दांशेजारी जाहिराती लावण्याची आपली योजना सुरू केली. हा इतिहास आपणांस मुखोद्गत आहे. परंतु त्याच्या जोडीने आणखी एक इतिहास चालत आला आहे, जो कोणी लिहीत नाही, कारण तो लिहिण्यास जे समर्थ आहेत ते सर्व त्यात वाटेकरी आहेत. तो म्हणजे दर हंगामाला बाजारात उतरणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरचा, त्याच्या जयघोषाचा आणि त्याच्या निःशब्द अंत्यविधीचा इतिहास. एका रात्रीत हजार शोधयंत्रांत वेबसाइटची नोंद करून देणारे सॉफ्टवेअर आले, त्या काळी विचारण्याजोगी शोधयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पानाच्या पोटात कीवर्डचा टॅग कोंबून देणारे आले. क्रम लावताना तो टॅग आम्ही विचारातच घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे सांगितल्यावरही ते विकत घेणारी माणसे मी पाहिली आहेत. नुसती पाने उघडून बसल्याबद्दल पैसे देणाऱ्या ‘ऑटोसर्फ’ योजना आल्या. त्यांपैकी ‘१२ डेली प्रो’ या योजनेवर अमेरिकेच्या रोखे आयोगाने २००६ साली फिर्याद केली, तेव्हा जुन्या सभासदांची देणी नव्या सभासदांच्या भरण्यातून भागवली जात होती, असे उघडकीस आले.

काल दुपारच्या चर्चासत्रात ‘ट्रॅफिक’ या शब्दाला ‘वाहतूक’ म्हणावे, ‘रहदारी’ म्हणावे की ‘वर्दळ’, यावर आपल्या विद्वान सहकाऱ्यांत दीड तास वाद झाला. मी त्या वेळी गप्प बसलो, कारण या शब्दाचा अर्थ मला एका बागायतदाराने रत्नागिरीजवळच्या एका अंगणात पूर्वीच सांगून ठेवलेला आहे. त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. त्यांनी माझ्यामुळे सोसले तेवढे पुरे आहे. २०११ च्या हंगामात ते आपले हापूस वाशीच्या दलालाला टाळून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाईकाला थेट विकू पाहत होते, आणि त्यांची वेबसाइट माझ्या हवाली होती. मी त्यांना, ठराविक रकमेत दहा हजार भेटी मिळवून देणाऱ्या एका सेवेची शिफारस केली. भेटी मिळाल्या, आलेख एखाद्या कड्यासारखा उभा चढला, आणि तो कागदावर छापून मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि मला म्हणाले, “भाऊ, दहा हजार माणसे माझ्या अंगणात येऊन गेली म्हणता, मग एकानेही पाणी कसे मागितले नाही?”

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन मी नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा ते पाहुणे बहुतेक पहाटे तीनच्या सुमारास, जेथे आंब्याची पेटी पोचणे अशक्य अशा मुलखांतून येऊन, दोन सेकंदांत परतले होते. सबब, शब्दाविषयी माझा निर्णय असा: ‘वर्दळ’ म्हणा, ‘रहदारी’ म्हणा, परंतु जो पाणी मागत नाही त्याची गणना तिच्यात करू नका. ही चूक एकट्या माझ्या भाबडेपणाची होती असे मात्र नव्हे. ‘मेथबॉट’ या नावाने जे प्रकरण २०१६ च्या अखेरीस गाजले, त्यात भाड्याने घेतलेल्या संगणकांवर बनावट प्रेक्षक निर्माण करून, त्यांच्याकरवी माउस हलवल्याचा आभास उभा करून, जाहिरातदारांना लक्षावधी डॉलरांना बुडवण्यात आले. त्याचा सूत्रधार अलेक्सांद्र झुकोव्ह यास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील न्यायालयाने २०२१ साली दहा वर्षांची शिक्षा फर्मावली. तेथे मोठमोठ्या कंपन्या फसल्या, येथे एक बागायतदार फसला. फरक इतकाच की, बागायतदाराने पहिल्या कटाक्षातच संशय घेतला.

आता ज्यासाठी मी उभा आहे, त्या गोष्टीकडे वळतो. त्या सद्गृहस्थांनी त्यानंतरही माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मी त्यांना दुसरे एक सॉफ्टवेअर घ्यावयास लावले. एखादे पान दुसऱ्या पानाचा दुवा देते तेव्हा ते त्याच्या बाजूने जणू साक्ष देते, आणि ज्या साक्षीदाराच्या पाठीशी स्वतःच पुष्कळ साक्षी आहेत त्याच्या शब्दाला वजन अधिक, ही लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची मूळ कल्पना आपण जाणता. हे सॉफ्टवेअर अशा साक्षी हजारांनी, मालक झोपेत असताना, पैदा करीत असे. म्हणजे कोर्टाच्या आवारात चार आण्यांना मिळणारे जे साक्षीदार पूर्वी प्रसिद्ध होते, त्यांचा हा यांत्रिक कारखाना होता. त्या साक्षींना मजकूर लागे, म्हणून त्यात एक ‘स्पिनर’ही होता, जो एका लेखातील शब्दांना प्रतिशब्द घालून त्याचे शंभर लेख करी, आणि जगातील सर्व भाषा येत असल्याची त्याच्या निर्मात्याची हमी होती.

त्याने आमच्या मराठी लेखाचे काय केले ते ऐका. ‘कलमी हापूस’चा त्याने ‘लेखणीयुक्त हापूस’ केला. ‘पायरी आंबा’ हा ‘सोपान आंबा’ झाला. झाडाला मोहोर येण्याऐवजी सुवर्णमुद्रा आल्या. आणि ‘पाच डझनांची पेटी घरपोच मिळेल’ या साध्या वाक्याच्या जागी ‘पाच डझनांची संवादिनी घरपोच मिळेल’ असे वाक्य शंभर ठिकाणी विराजमान झाले. आपण हसता, मीही त्या वेळी हसलो, आणि हसून ते तसेच राहू दिले, कारण तो मजकूर माणसांनी वाचावयाचा नव्हताच.

दोनतीन महिने गूगलवर आमचा क्रम चढत गेला. मग २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने, पुढे ‘पेंग्विन’ या नावाने जो ओळखला गेला, तो बदल अमलात आणला, आणि विकत घेतलेल्या व यंत्राने पेरलेल्या साक्षींवर उभ्या असलेल्या वेबसाइटी खाली कोसळल्या. त्या दिवशी आपल्याकडे अक्षय्य तृतीया होती. पंचांग काढून पाहा. ज्या मुहूर्तावर घरोघर आंबा येतो, त्या मुहूर्तापासून आमची वेबसाइट दिसेनाशी झाली. मी गूगलला दोष देत नाही. खोटा साक्षीदार ओळखला गेला, हे न्यायाला धरूनच झाले. बागेत फळ उतरत होते, पेट्या भरल्या जात होत्या आणि फोन वाजत नव्हता. शेवटी त्या गृहस्थांनी ट्रक भरला आणि ज्या दलालाला टाळण्यासाठी हा सारा खटाटोप केला होता, त्याच्याच गाळ्यावर माल पाठवला.

कालच्या दुसऱ्या वादाचाही येथेच निकाल लागतो. यंत्राने लिहिलेला मजकूर चालेल काय, असा प्रश्न तरुण सहकाऱ्यांनी उपस्थित केला, आणि आजचे यंत्र पेटीची संवादिनी करीत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते मला मान्य आहे. आजचे यंत्र शुद्ध मराठी लिहिते, आणि माझी भीती नेमकी तीच आहे. त्या जुन्या यंत्राचा खोटेपणा संवादिनीच्या सुराने उघडा तरी पडत होता. अवकाळी पावसाने पहिला मोहोर गळला म्हणून यंदा पेटी पंधरा दिवस उशिरा निघेल, हे वाक्य ज्याने झाडाखाली उभे राहून वर पाहिले आहे त्यालाच सुचते, आणि आंब्यासाठी फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना नेमके तेच हवे असे. क्रम मिळवण्यासाठी घाऊक काढलेली निरुपयोगी पाने, मग ती माणसाने काढलेली असोत वा यंत्राने, स्पॅमच होत, असे गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या धोरणात स्पष्ट केले आहे. तरीही उद्या कोणी तरी ‘एका क्लिकमध्ये हजार लेख’ असे सॉफ्टवेअर घेऊन येईल; परवा, शोधयंत्रांऐवजी उत्तरे देणाऱ्या यंत्रांनी आपलेच नाव घ्यावे अशी तजवीज करणारे कोणी येईल; आणि त्या दोघांच्याही मागे, आपल्याच व्यवसायातला एक प्रतिष्ठित मनुष्य व्यासपीठावर उभा राहून त्यांची तारीफ करील.

माझी खरी फिर्याद त्या प्रतिष्ठित मनुष्याविरुद्ध आहे, आणि त्याला मी जवळून ओळखतो. सॉफ्टवेअर करणारा आपला माल विकतो, ते त्याचे कामच आहे. परंतु त्या मालाला ‘मी वापरून पाहिले आहे’ असा दाखला जो देतो, तो विक्रीच्या प्रत्येक पावतीमागे आपले कमिशन घेतो आणि ऐकणाऱ्याला ते सांगत नाही. त्या बागायतदाराने माझ्या सांगण्यावरून जी रक्कम भरली, तिच्यातील निम्मी माझ्या खात्यात जमा झाली. मी ते त्यांना सांगितले नाही. ते सॉफ्टवेअर मी त्यांच्यापूर्वी कोणासाठीही वापरलेले नव्हते. त्याच्या निर्मात्याने दाखवलेला आलेखच मी त्यांना दाखवला होता. यंत्राने खोटे साक्षीदार उभे केले हे खरे, पण त्या यंत्राच्या बाजूचा पहिला खोटा साक्षीदार मी होतो, आणि मला पकडणारा पेंग्विन अद्याप निघालेला नाही.

त्या हंगामाच्या अखेरीस, जूनच्या पहिल्या पावसात, मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. वाशीहून आलेली हिशेबाची पट्टी तेवढी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. तीत पेट्या किती, भाव काय, भाडे किती, हमाली किती आणि दलाली किती, हे सारे निरनिराळ्या रकान्यांत लिहिलेले होते. भाव पडलेला होता. तरी ते म्हणाले, “कापले ते लिहून कापले आहे.” एवढेच. त्यानंतर त्यांनी मला पाणी दिले.

सूचना म्हणून मी काय मांडावे? जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील शिफारसवाल्यांना मोबदल्याची वाच्यता करणे बंधनकारक मानले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानेही त्या स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जे साबण विकणाऱ्या नटीला लागू आहे, ते आपल्याला का नसावे? या परिषदेत कोणत्याही सॉफ्टवेअरची तारीफ करणाऱ्याने प्रथम आपली पट्टी वाचून दाखवावी, असा एक नियम व्हावा; त्याचा नमुना तयार करण्यास एक उपसमिती नेमावी; फसलेल्या सॉफ्टवेअरचे एक दप्तरही ठेवता येईल. तपशील मी कार्यवाहांवर सोपवतो. मला त्यातले फारसे कळत नाही, आणि उपसमित्यांचे पुढे काय होते हे आपण सारे जाणताच.

सिंहावलोकन राहिले, याबद्दल क्षमस्व. वाशीची ती पट्टी मी त्या दिवशी त्यांच्याकडून मागून घेतली होती. टिपणांच्या पिशवीत तीही आहे. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी येऊन पाहून जावी.