जलपर्णी काढल्यानंतरचे पंधरा दिवस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



स्नेहमेळाव्यात शाळेच्या आठवणी सांगायच्या असतात. पण संयोजकांनी मला शाळेसाठी काय करता येईल ते सांगायला बोलावले आहे, आणि माझ्या डोक्यात सध्या जलपर्णी आहे. जेवणाआधीची पाच मिनिटे तिला द्या.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी माणसांनीच ती देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोहोचली आणि तिथल्या नद्या-तळी तिने अशी भरून टाकली, की १९३६ साली खास कायदा करावा लागला. आपल्या जागेतली जलपर्णी मालकाने काढलीच पाहिजे, असा तो कायदा. जलपर्णी तिथे आजही आहे.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार आणि त्या बाळगणे यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. चांगलेच झाले. पण हा दारावरचा पहारा झाला. जी आधीच घरात शिरली आहे, तिला आवरायचे काम महानगरपालिका, ग्रामपंचायत आणि तुमच्याआमच्यावरच येते.

ते काम अवघड का? अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. सांडपाणी हे तर तिचे खतच. म्हणून मोठ्या मोहिमेत ट्रकच्या ट्रक भरून जलपर्णी निघते, फोटो छापून येतात आणि दोन महिन्यांनी तळे पुन्हा हिरवे होते. खाली पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांचे फावते.

मग उपाय काय? १९८०च्या दशकात बंगळूरच्या तलावांवर फक्त जलपर्णी खाणारे छोटे भुंगे सोडले गेले आणि काही तलावांत त्यांनी ती चांगलीच आटोक्यात आणली. पण भुंग्यांना काही वर्षे लागतात. मध्येच यंत्राने सगळी जलपर्णी उपसली तर भुंगेही तिच्याबरोबर जातात. त्यामुळे कुठल्या पाण्यावर कोणता उपाय, हे आधी ठरवावे लागते.

आता आपल्याकडे बघू. कल्याण-बदलापूरकडे उल्हास नदी जलपर्णीने भरते हे आपण वाचतो. तीच उल्हास पुढे वसईच्या खाडीला मिळते. खारे पाणी जलपर्णीला मारते, म्हणून खाडी वाचते. आपली बावखले मात्र गोड्या पाण्याची. पूर्वी वाडीचे शिंपणे त्यांच्यावरच चालायचे, त्यामुळे रोज कोणी ना कोणी काठावर असायचे. विहिरीचे पाणी गोडे राहायचे तेही त्यांच्याच जोरावर. वाड्या गेल्या, रहाट थांबले, आजूबाजूच्या इमारतींचे सांडपाणी आत आले. जिथे रोजची नजर गेली, तिथे जलपर्णी बसली. याच पाण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या बरोबरीने हरित वसईचा लढा इथल्या लोकांनी दिला होता, हे विसरू नका.

म्हणून एक विनंती. आजच्या मेळाव्याच्या निधीतून शिल्लक राहील ती रक्कम एका दिवसाच्या स्वच्छता मोहिमेवर घालू नये. शाळेजवळचे एकच बावखल निवडू. मालकाची परवानगी घेऊ. त्यात येणारे सांडपाणी कुठून येते ते शोधून महानगरपालिकेला लेखी कळवू आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करू. एकदा सगळी जलपर्णी काढू, फुले येण्याआधी. ती काठावर टाकायची नाही, पावसाने परत आत जाते. लांब नेऊन वाळवायची. सांडपाण्यातल्या जलपर्णीचे खत भाजीला घालायचे नाही, कारण ती पाण्यातले शिसे-कॅडमियमही शोषून घेते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी चार माणसांनी जाऊन नवे रोप दिसेल ते उपटायचे. अर्ध्या तासाचे काम. पण ते वर्षानुवर्षे करायचे.

आपल्यातले बरेच जण आता निवृत्त आहेत, म्हणजे पंधरवड्यातला अर्धा तास आपल्याकडे नक्की आहे. नववीच्या मुलांना सोबत घेतले तर आपल्यानंतरही काठावर कोणीतरी असेल.

नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवण झाल्यावर तिच्यात नाव आणि सोयीचा वार लिहा. देणगीचा आकडा लिहायची गरज नाही.