व्होल्टचं माप कशावर ठरतं?

तलकाडजवळच्या शिवनसमुद्रहून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, तेव्हा व्होल्टचं माप रासायनिक घटांवर ठरे. तापमान हललं की तेही हले. आज ते जोसेफसन जोडांवर, म्हणजे दोन अतिवाहक थरांमधल्या पातळ सांध्यांवर ठरतं. द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना, नायोबियमच्या थरांमधल्या जोडावर ७० गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या, की व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी चढतं; पण एका पायरीला जेमतेम १४५ मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणून हजारो जोड ओळीने जोडून १० व्होल्ट गाठतात. मग हजारो जोडांच्या चुकाही साठतील, ही शंका रास्त. पण पायरीची उंची जोडाच्या घडणीवर नव्हे, लहरींच्या वारंवारतेवर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवर ठरते. ते स्थिरांक २०१९ पासून नेमके ठरलेले आहेत. घरच्या मीटरला एवढी अचूकता कशाला, असंही कुणी विचारेल. मात्र प्रयोगशाळेपासून मीटरपर्यंतच्या प्रत्येक तपासणीत थोडी अचूकता गळतेच.