हिवाळा, टाळेबंदी आणि सकाळचा उजेड

जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडला तिसरी टाळेबंदी लागली, तीही ऐन थंडीत. लंडनला तेव्हा दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. उजेड कमी पडला की जैविक घड्याळ बिघडतं. झोप वाढते, सारखं गोड खावंसं वाटतं, मन खचत जातं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं. त्या टाळेबंदीत तर माणसंही भेटेनाशी झालेली! पण व्यायामासाठी दिवसातून एकदा, घराबाहेरच्या एका व्यक्तीसोबत फिरायला मुभा होती. असं फिरणं सकाळीच करावं, आभाळ भरलेलं असलं तरी. तो उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना गाठाच. आपल्याकडे आता टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही.