मी न सांगितलेले वाक्य

(सफाळे येथे साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज हिशेबाआधी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेत कामाला होते. परदेशातून देणगीदार आले, त्यांना डोंगराकडच्या एका वारली पाड्यावर नेले. पाहुणे खुर्च्यांवर, बाया जमिनीवर आणि मधे मी, दुभाषी. बोअरिंगची जागा दाखवली तशी एक म्हातारी उठून म्हणाली, "ताई, ही जागा मालकाची. उद्या तो पाणी भरू देणार नाही. आमच्या जुन्या विहिरीचाच गाळ काढून द्या."

मी इंग्रजीत सांगितले, "यांना फार आनंद झाला आहे." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंजुरी बोअरिंगची होती, विहिरीची नव्हती. पैसे मार्चच्या आत खर्च व्हायचे होते. माझा पगारही त्यातूनच निघत होता. दोन उन्हाळे गेले आणि मालकाने कुंपण घातले. हातपंप आत राहिला. म्हातारी पुढेही भेटायची, चहा द्यायची. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, तेच मला जास्त लागले.

आपल्या जिल्ह्यात याहून कितीतरी मोठा परदेशी पैसा आला आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची. ठरले तेव्हा खर्चाचा सुमारे ८१ टक्के भाग जपानच्या कर्जातून, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे परतफेड नाही. कर्ज घेणाऱ्याला एवढी सवड. जमीन देणाऱ्याला किती मिळाली? २०१८ मध्ये पालघरमधल्या कित्येक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. रेल्वे नकोच असे मी म्हणत नाही, आपण बरेचजण डहाणू लोकलनेच इथे आलो आहोत. कर्ज देणाऱ्या जायका संस्थेच्या नियमांत बाधित लोकांशी विचारविनिमय सांगितला आहे. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा, असे आपला १९९६ चा पेसा कायदाही सांगतो. कागद दोन्हीकडे चांगले आहेत. पण टोकियो आणि पाडा यांच्यामध्ये अधिकारी, सल्लागार, मोजणीवाले, मध्यस्थ असे किती दुभाषी उभे असतील! मी एकटीने एका वाक्याचे काय केले, ते तर मला माहीतच आहे.

मार्काच्या दहाव्या अध्यायात बार्तीमय हाक मारतो, तेव्हा लोक त्याला गप्प बसवतात. त्या लोकांत मी स्वतःला पाहते. प्रभू मात्र थांबतो आणि त्या आंधळ्यालाच विचारतो, तुला काय हवे? उत्तर सगळ्यांना दिसत होते, तरी विचारतो.

म्हणून यंदा तुमच्या पावतीवर कामाचे नाव लिहिलेले नाही. आधी पाडासभा ठरवील, मग अंदाजपत्रक होईल. दुभाषी त्यांच्यातलीच बारावी झालेली एक मुलगी असेल, मी नाही. काहींना हे रुचलेले नाही. मग देणगीदारांचा फलक कुठे लावायचा, असे एका बांधवांनी विचारले. त्यांनाही आमंत्रण आहे. लोक मजुरीवरून परतल्यावर, रात्री सभा भरते, तेव्हा मुक्कामाच्या तयारीने या. खुर्च्या नसतील.