इलेक्ट्रिक गिटार खरखरते तेव्हा

गिटार अचानक खरखरू लागली, की पहिला संशय केबलवर घ्या. दुसरी केबल लावून पाहा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. व्हॉल्यूमचा नॉब फिरवतानाच खरखर येत असेल, तर आत धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारून नॉब दोन्ही टोकांपर्यंत पुन्हापुन्हा फिरवा.

सतत घुमणारा आवाज वेगळा. आपली वीज 50 हर्ट्झची. तिचं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल पिकअप सहज पकडतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास त्यावर सुंदर तोड काढली: उलट जोडलेल्या दोन कॉइल, ज्यांतली घरघर एकमेकींना खोडून काढते.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं स्वाभाविक आहे. झिणझिण्या आल्या, तर मात्र तत्काळ थांबा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढली असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. व्हॉल्व्हचा अँप स्वतः उघडूच नका. बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

आणि हो, कोकणच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झालं, की कोरड्या सुती फडक्यानं त्या पुसून ठेवा.