स्वतःचे रक्षण आणि घराचे रक्षण

(वर्षावासानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथील एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्यवसायाने वकील आहे. वकिलाला विहारात बोलावतात ते बहुधा जातप्रमाणपत्र, वारसाहक्क किंवा जमिनीचे तंटे ह्यांविषयी चार शब्द सांगण्यासाठी. आजचा विषय मात्र मी संयोजकांकडून मागून घेतला आहे. घरातील माणसांशी असलेली नाती नीट राखून मनुष्याने स्वतःच्या देहाची व मनाची काळजी कशी घ्यावी, हा तो विषय होय. हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, ही तर सुखवस्तू लोकांची चैन आहे; ज्या घरात एका मिळवत्या माणसावर आठ जणांचा संसार चालतो, त्या घराला असल्या गोष्टींसाठी फुरसत कोठून असणार? माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या घरात मिळवता एकच आहे, त्याच घरात हा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. कारण तो एक अंथरुणाला खिळला की, आठही जण उघड्यावर पडतात.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. तेव्हा प्रारंभ भगवान बुद्धांच्या एका उपदेशापासूनच करू. संयुत्त निकायात सेदक सुत्त नावाचे एक लहानसे सुत्त आहे. त्यात बांबूवर कसरतीचे खेळ करणाऱ्या एका गुरूची व त्याच्या मेदकथालिका नावाच्या शिष्याची गोष्ट सांगितली आहे. गुरू बांबू उभा करतो आणि शिष्याला आपल्या खांद्यांवर चढावयास सांगतो. त्याचा बेत असा की, शिष्याने गुरूला सांभाळावे, गुरूने शिष्याला सांभाळावे, म्हणजे खेळ होईल, पैसे मिळतील आणि दोघेही सुखरूप खाली उतरतील. ह्यावर शिष्य सांगतो की, असे केल्याने भागणार नाही. प्रत्येकाने आपापला तोल सांभाळला पाहिजे. गोष्ट सांगून झाल्यावर बुद्ध शिष्याच्या म्हणण्यास योग्य पद्धत म्हणतात. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचे रक्षण करतो, आणि दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचे रक्षण करतो, अशी दोन्ही टोके ते जोडून देतात. पहिले साधते अभ्यासाने व सततच्या सरावाने. दुसरे साधते क्षांती, अहिंसा, मैत्री आणि अनुकंपा ह्यांच्या योगाने.

आपण सर्वांनी लहानपणी बाजाराच्या दिवशी असा खेळ पाहिला आहे. बांबूच्या टोकावर चढलेल्या मुलीचे लक्ष खालच्या बापाच्या काळजीत गुंतले, तर ती पडेल आणि बापालाही पाडील. आपली काळजी घेणे म्हणजे स्वार्थ, हा समज ह्या एका दृष्टांताने निकालात निघतो. आणि खाली उभ्या असलेल्या माणसाने पायांत बळ ठेवले नाही, तर त्याच्या खांद्यांवरच्या सर्वांचे काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या घरांकडे या. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा कामगार घरी येतो, तेव्हा त्याला निदान हे ठाऊक असते की, त्याची पाळी संपली. त्याच्या पत्नीची पाळी कधी संपते? पहाटे पाण्याच्या टाकीपाशी तिचा दिवस सुरू होतो. मुलांचे डबे, सासूसासऱ्यांची औषधे, बाहेरची चार घरची कामे असतील तर ती, आणि रात्री सर्वांची ताटे उचलल्यावर उरेल ती भाकरी. व्रतवैकल्ये आपण दीक्षेबरोबर सोडली. पण शेवटी जेवण्याचे जे व्रत स्त्रीच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेले आहे, ते कितीशा घरांनी सोडले? मी हा प्रश्न येथे बसलेल्या पुरुषांना विचारीत आहे. भगिनींना उत्तर ठाऊकच आहे.

विश्रांती हा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकविली? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकालीन सवलतींचे विधेयक चर्चेस आले असता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्यात आली. कारखान्याच्या भोंग्याला ज्यांनी वेळेची वेसण घातली, त्यांची तसबीर आपण भिंतीवर लावतो. आणि त्याच तसबिरीखाली एक स्त्री आठवड्याला शंभर तास राबते, ह्याची मला वकील म्हणून नव्हे, तर अनुयायी म्हणून शरम वाटते.

आपण गृहस्थांची संहिता म्हणून ज्या सिगालोवाद सुत्ताचा उल्लेख करतो, त्यातील एक कलम मला फार मार्मिक वाटते. मालकाने नोकराशी कसे वागावे हे सांगताना तेथे पाच गोष्टी आल्या आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. पत्नीसाठी ह्याहून वरचे स्थान सांगितले आहे: तिचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला अलंकार द्यावेत. परंतु आपल्या कित्येक घरांत गृहिणीला नोकराची ती पाच कलमेसुद्धा लागू झालेली नाहीत. मी अशिलांना अर्ध्या थट्टेने सांगतो की, बाबांनो, पत्नीचे हक्क राहू द्या, आधी नोकराचे तरी द्या!

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तरुण कार्यकर्ते म्हणतात की, बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रकृतीची कोठे पर्वा केली? रमाईंनी कोठे केली? हा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून त्याला मान देऊन उत्तर दिले पाहिजे. त्या दोघांची चार अपत्ये बालवयात गेली. रमाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहात गेल्या. १९४० साली पाकिस्तानविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यांनी आपल्याबरोबर जे सोसले त्याचा त्या अर्पणपत्रिकेत उल्लेख केला. त्या दांपत्याला जे सोसावे लागले ते दारिद्र्याने व अस्पृश्यतेने लादलेले होते. त्यांनी ते घराघराचा नियम म्हणून आपल्याला नेमून दिलेले नाही. उलट २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले ते पाहा: स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका; आणि लग्न झालेल्या स्त्रीने पतीची मैत्रीण व समान म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे. स्वतःला सांभाळणे व नाते सांभाळणे ह्या दोन गोष्टी त्या भाषणात एकत्रच आलेल्या आहेत.

बाबासाहेबांनी दुसऱ्यांची शुश्रूषा नाकारली, असेही नाही. मधुमेह व पायांच्या दुखण्याने त्यांना जेरीस आणले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. माईसाहेबांविषयी आपल्या समाजात पुष्कळ कडवटपणे बोलले गेले. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथासाठी लिहिलेल्या, त्या वेळी ग्रंथाबरोबर न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत खुद्द बाबासाहेबांनी पत्नीच्या व डॉ. मालवणकरांच्या उपचारांचे ऋण मान्य केले आहे. आपण दर रविवारी ज्याचे वाचन करतो, तो ग्रंथ पुरा होण्यात त्या शुश्रूषेचा वाटा आहे. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा वाटला नाही. आम्हांला मात्र रक्तातील साखर तपासून घेण्यात कमीपणा वाटतो. हे मी दुसऱ्याला उद्देशून बोलत नाही. रात्री दोनपर्यंत जागरण, चहावर चहा आणि घरी कोणी बोलले की वसकन अंगावर जाणे, असा माझाच काही वर्षे क्रम होता आणि मला त्याचा अभिमान होता. चाळिशी ओलांडली आणि मधुमेह निघाला. त्यापेक्षाही लागले ते मुलाचे एक वाक्य. तो आईला हळूच विचारीत होता, “बाबा आज बोलण्यासारखे आहेत का?”

नवदीक्षित कुटुंबांपुढे आणखी एक कठीण प्रसंग असतो, तो नातेवाइकांचा. आपण दीक्षा घेतली, पण मामाच्या घरी देवीचा बोकड कापला जातो, आत्या उपास धरावयास सांगते, लग्नात दारू असते. काहीजण भिडेखातर सर्व करतात आणि आतल्या आत कुढतात. काहीजण भांडून येणेजाणे बंद करतात आणि अडीअडचणीला एकटे पडतात. माझा सल्ला असा आहे की, नकार कृत्याला द्यावा, माणसाला देऊ नये. मामांना आधीच सांगावे की, जत्रेला मी येणार नाही, परंतु तुमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी घाटी रुग्णालयात मीच तुमच्याजवळ बसेन. आणि मग खरोखरच बसावे. पहिल्या वर्षी ते रागावतील. मी अशी घरे पाहिली आहेत, जेथे तिसऱ्या वर्षी मामा स्वतःच म्हणतात की, त्याला बोलावू नका, त्याचा धर्म निराळा आहे. पैशाचेही तसेच. घरात पहिला शिकलेला मुलगा असतो, त्याचा पगार सर्वांना आपला वाटतो. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, आणि एक अडचणीच्या काळासाठी शिल्लक. चौथा भाग कोणी मागितला तर तो देता येत नाही, एवढे जरी भावंडांना प्रेमाने व एकदाच सांगितले, तरी दरवेळचा तंटा वाचतो.

आता एक गोष्ट वकील म्हणून स्पष्टपणे सांगतो. क्षांती म्हणजे मार खाणे नव्हे. जेथे हात उचलला जातो, दारूसाठी मंगळसूत्र मोडले जाते, तेथे तडजोडीचा उपदेश मी करीत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळाबरोबर मानसिक व आर्थिक छळही येतो; स्त्रीचा पगार किंवा स्त्रीधन हिरावून घेणे हा त्या कायद्याने छळच आहे, आणि नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. पोटगीचे जुने कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळू शकतो. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलातून पुढे जे हक्क कायद्यात आले ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत.

परंतु माझ्याकडे येणारी सर्वच प्रकरणे अशी नसतात. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका भगिनी घटस्फोटाचा अर्ज करावयास आल्या. पती दारू पिणारा नव्हता, मारणारा नव्हता. जयंतीच्या कामात पुढे असणारा होता. मी कारण विचारले. त्यांना नीट सांगता येईना. पगार खात्यात येतो, कार्ड पतीजवळ असते; पहाटे साडेचारला उठावे लागते; डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितले, ते घरी सांगावयाचे राहून गेले. शेवटी मी विचारले की, घटस्फोट मिळाल्यावर आपण काय करणार? त्या म्हणाल्या, “झोपेन, साहेब.”

मी लेखणी खाली ठेवली. पतीला व सासूबाईंना बोलावून घेतले. पतीचे म्हणणे, “मी तिला कधी अडवले नाही.” हे खरे होते. अडवले नव्हते, पण पाहिलेही नव्हते. रक्ताचा अहवाल त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही कागदावर चार गोष्टी लिहिल्या: कार्ड त्यांच्याकडे राहील, धाकट्या दिराच्या वसतिगृहाचा खर्च दोघांच्या पगारांतून निम्मा निम्मा, महिन्यातून एकदा तपासणी, आणि रविवारचा सकाळचा स्वयंपाक पतीचा. सासूबाई ह्या शेवटच्या अटीला मान देईनात. मला वाटले, जुन्या वळणाची हेकेखोरी आहे. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी सगळ्यांच्या मागून जेवले. आता कुठं सून वाढती, तर तुम्ही तिला उठवता. मला कोण वाढणार?”

मला ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कायद्यात सापडले नाही. उत्तर मुलाने दिले. “मी वाढीन,” तो म्हणाला.

अर्ज दाखल झाला नाही. महिनाभराने तो मला क्रांती चौकात भेटला. पहिल्या रविवारी भाकऱ्या मोडल्या, वरणात मीठ जास्त पडले. पण चौघेही एका वेळी जेवावयास बसले होते, आणि आई मिठावरून बोलत बोलत दोनदा वरण मागून घेत होती.