जालन्याचा पोरगा, शिडाची बोट आणि रीफिंग

मागच्या भागात वारा आणि बोटीची दिशा यावर बोललो होतो. आज बोलायचंय ते वारा वाढला की शीड लहान कसं करायचं यावर. याला रीफिंग म्हणतात.

मी मूळचा जालन्याचा. लहानपणी बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव. पोहायला शिकलो विहिरीत. त्यामुळे मी मुंबईत मित्राच्या 22 फुटी बोटीवर जातो म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "वारं सुटलं तर काय करता रे?" प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजेच आजचा भाग.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात ना? मुंबईत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते रोज बघायला मिळतात. सकाळी जमिनीवरून मंद वारा येतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा जोर धरतो. सकाळी पूर्ण शीड लावून मजेत निघालेली बोट दुपारी परतताना आडवी व्हायला लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. 10 नॉटचे 15 झाले तरी जोर सव्वादोन पट. बोट जास्त कलली, सुकाणू हातातून ओढायला लागलं, की उशीर झालेला असतो. "आता करावं का?" असं मनात आलं त्याच क्षणी करायचं. मी तर किनाऱ्यावरूनच रीफ बांधून निघतो. लोक हसतात, हसू द्या.

आता जोडणी. मुख्य शिडाच्या खालच्या कडेपासून थोडं वर, पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक मजबूत कडी असते. कापसाच्या ट्रकवरची ताडपत्री डोळ्यासमोर आणा, तिच्या कडेला दोर ओवायला असतात तशी, फक्त खूप दणकट. शीड खाली घ्यायचं आणि या दोन कड्या बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, घट्ट बसवायच्या. झालं शीड लहान.

मागच्या कडीचा दोर सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं एक टोक बूमभोवती गाठीने बांधायचं, दोर वर नेऊन कडीतून ओवायचा, दुसऱ्या बाजूने खाली आणून बूमवरच्या पुलीतून पुढे क्लीटपर्यंत न्यायचा. ती गाठ आणि पुली कडीच्या बरोबर खाली नको, थोडी मागे हवी. म्हणजे दोर शीड खालीही ओढतो आणि मागेही ताणतो. फक्त खाली ओढलं तर शिडाला पोट सुटतं, आणि जोराच्या वाऱ्यात आपल्याला सपाट शीड हवं असतं. जागा ठरवायला वारा नसलेला दिवस निवडा, धक्क्याला बोट बांधून प्रत्यक्ष रीफ घ्या आणि मगच ड्रिलिंग करा.

एकाच दोराने पुढची-मागची दोन्ही टोकं ओढणारी पद्धतही असते. ऐकायला भारी वाटते, पण वळणं जास्त, घर्षण जास्त, आणि दोराचं भेंडोळं पायात. माझं मत, छोट्या बोटीवर दोन वेगळे दोर किंवा पुढे साधा हूक. अडकलं तर कुठे अडकलं ते लगेच कळतं. डीबगिंगला सोपं!

क्रम असा. आधी शिडाचा ताण सोडायचा, म्हणजे ते फडफडेल. बूम खाली आदळू नये म्हणून तिला वरून धरणारा दोर आवळायचा. मग शीड चढवायचा दोर खुणेपर्यंत सोडायचा (ही खूण आधीच पक्क्या शाईने करून ठेवा, अंधारात जीव वाचतो). पुढची कडी हुकात, चढवायचा दोर परत कडक, मग मागचा दोर कडक, आणि शेवटी बूमचा वरचा दोर सैल करून शीड पुन्हा ओढून घ्यायचं. मधल्या छोट्या दोऱ्या फक्त लोंबणारं कापड गुंडाळायला असतात, त्यांच्यावर भार आला तर शीड फाटतं. म्हणून शीड परत मोठं करताना त्या सगळ्यात आधी सोडायच्या.

हे सगळं बसल्या जागेवरून करता आलं तर उत्तम, कारण हलत्या बोटीवर डोलकाठीपाशी जाणं हाच सगळ्यात धोक्याचा भाग. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 56 फुटी 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. एकट्या माणसाला रात्री-अपरात्री हेच काम स्वतः उठून करावं लागतं, मदतीला कोणी नाही. आमच्या 22 फुटीवर दोघं असूनही आम्ही घड्याळ लावून सराव करतो. सध्या अडीच मिनिटं लागतात. दोनच्या आत आणायचंय.

पुढच्या भागात पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब. तोवर लाइफ जॅकेट घालूनच पाण्यावर जा. भेटू!